जनुकाची तारीख झाली त्याची गोष्ट

‘एक्सेलमध्ये सगळं होतंय, मग आर ही विदा-विश्लेषणाची संगणकभाषा कशाला शिकायची?’ हा प्रश्न मीही एम.एस्सी.ला असताना विचारायचो. मग एकदा जनुकांच्या यादीत ‘२-सेप’ दिसलं. सेप्ट२ या जनुकाची एक्सेलने गुपचूप तारीख (२ सप्टेंबर) करून टाकली होती! २०१६ साली काही जणांनी तपासलं, तर एक्सेलमध्ये जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात असे घोळ निघाले. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने जनुकांचंच पुन्हा बारसं केलं, सेप्ट२ चं सेप्टिन२. (आजारी कोण, औषध कोणाला!)

पण खरा त्रास पुढचा. एक्सेलमध्ये माउसने केलेल्या कामाची नोंद राहत नाही. ‘हे दोन नमुने का वगळले?’ असं परीक्षकाने आठ महिन्यांनी विचारलं की आपण आढ्याकडे बघतो. स्क्रिप्टमध्ये (म्हणजे आर किंवा पायथनसारख्या भाषेत लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या फाइलमध्ये) ती एक ओळ असते आणि शेजारी कारणही लिहिता येतं.

पायथन की आर, या वादात पडू नका. प्रयोगशाळेत शेजारी बसणाऱ्याला जे येतं ते घ्या. मूळ फाइलला मात्र हात लावायचा नाही. आणि आर वापरलंत तर शेवटी सेशनइन्फो ही आज्ञा चालवून पॅकेजांच्या (आरला जोडलेल्या तयार कोड-संचांच्या) आवृत्त्या जपून ठेवा.