जुन्या वॅगन-आरसाठी नॅव्हिगेशन: इंदूर ते पुणे, बजेट 2500

सुदामानगरची: बाबा दिवाळीनंतर गाडीने पुण्याला मावशीकडे जायचं म्हणतायत, सोबत आई. जवळजवळ 600 किलोमीटर. गाडी जुनी वॅगन-आर, स्क्रीन नाही, नुसता रेडिओ. बाबा फोनमध्ये नेट पॅक टाकत नाहीत, "घरी वायफाय आहे ना" म्हणतात. मागच्या वेळी बिजासन घाटात नेटवर्क गेलं आणि पुढे धुळ्याच्या बायपासवर डावं की उजवं यावरून दोघांचं जे जुंपलं ते अजून मिटलेलं नाही. वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं का? बजेट 2500, कृपया त्यातच सांगा.

तुकोगंज_काका: अँड्रॉइड स्क्रीन बसवून टाका, 10 इंची. मी रिव्हर्स कॅमेऱ्यासकट बसवली, 22 हजार लागले, पण काय दिसतं म्हणून सांगू!

जेलरोड_भिया: काका, 2500 लिहिलंय.

तुकोगंज_काका: खर्च एकदाच होतो. नंतर आयुष्यभर आराम.

राऊ_सर्कल: ताई, यंत्र घेऊ नका. फोनमधल्या जीपीएसला नेट लागतच नाही, तो सिग्नल थेट उपग्रहांकडून घेतो. नेट लागतं ते नकाशा आणि ट्रॅफिक उतरवायला. घाटात नेटवर्क गेलं तरी निळा ठिपका पुढे सरकतच असतो, फक्त मागचा कागद कोरा होतो. म्हणून घरच्या वायफायवर गूगल मॅप्समध्ये इंदूरपासून पुण्यापर्यंतचा पट्टा ऑफलाइन उतरवून ठेवा. ट्रॅफिक दिसणार नाही, वळणं मात्र सगळी सांगेल. ऑरगॅनिक मॅप्सही फुकट आहे, त्यात मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही उतरवा, नाहीतर बिजासन ओलांडलं की संपलं. आणि नेट बंद असलं की पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, तेव्हा निघताना अंगणातच चालू करून ठेवा.

धुळ्याची_लेक: रस्ता कुठला घेणार ते आधी ठरवा. मालेगावनंतर मनमाड, येवला, कोपरगाव, नगर असं जा. शिर्डीही होते.

रामबाग_मंडळ: मुळीच नको. चांदवड, नाशिक, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव. आम्ही कायम तसेच जातो.

धुळ्याची_लेक: राहूड घाटात ट्रकांच्या मागे तासभर बसायला आवडत असेल तर जावं खुशाल.

रामबाग_मंडळ: आणि मनमाडला काय लाल गालिचा घातलाय?

जेलरोड_भिया: प्रश्न नॅव्हिगेशनचा आहे ना भिया लोक? ताई, होल्डर घ्या, झालं. डॉलर मार्केटमध्ये मिळून जाईल. काचेला चिकटणारा घेऊ नका, ऊन लागलं की रबर सुटतं आणि फोन थेट पायाशी, ब्रेकजवळ. एसीच्या जाळीला अडकवायचा घ्या. चार्जिंग करत नॅव्हिगेशन चाललं की फोन तापतो, जाळीवर गार हवा लागते. जोडीला लायटरच्या सॉकेटचा चार्जर. दोन्ही मिळून हजाराच्या आत.

विजयनगर_टू_वाकड: फोन समोर लावला तर चलान होतं. माझ्या साडूचं झालं.

राऊ_सर्कल: हातात धरून बोलत असतील. ऑक्टोबर 2020 पासून नियमातच लिहिलंय, लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं नॅव्हिगेशनसाठी फोन वापरता येतो.

विजयनगर_टू_वाकड: साडू वकील आहे.

मल्हारगंजची_सून: एक बघा, सेटिंगमध्ये "टोल टाळा" चालू नाही ना. आमच्या दिरांनी कधीतरी टोलचे पैसे वाचवायला चालू केलं होतं आणि विसरले. खलघाटच्या अलीकडे फोनने हायवे सोडायला लावला, हे निमूट वळले. पुढे कापसाची शेतं, मग एका वाड्यासमोर रस्ताच संपला आणि समोर बैलगाडी, तिला मागे घेता येईना. सासूबाई मागच्या सीटवर अथर्वशीर्ष म्हणत होत्या. आणि हो, आवाज मराठीत करता येतो. तुमच्या आईंना कळलं की भांडण निम्मं कमी.

तुकोगंज_काका: एसीच्या जाळीला लावू नका, पट्ट्या तुटतात. स्क्रीनच बरी.

जेलरोड_भिया: होल्डर घ्या हे मी वर सांगितलंच आहे.

सुदामानगरची: सगळ्यांचे आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. "फोन हा फोन करायला असतो" म्हणाले आणि संध्याकाळी ओळखीच्या माणसाकडून वेगळं जीपीएस यंत्र घेऊन आले. सेकंडहँड, 1800. आतले नकाशे कधीचे विचारलं तर म्हणे, रस्ते काय पळून जातात का.

राऊ_सर्कल: गणेश घाटातला नवा रस्ता त्यात नसणार. ताई, आईंच्या फोनमध्ये गुपचूप ऑफलाइन नकाशा टाकून ठेवा.

सुदामानगरची: टाकलाय. मराठी आवाजासकट.

खजराना_रोड: धागा वाचला नाही, पण सेंधव्यानंतर हायवेवर सीएनजी कुठे मिळतो, कुणी सांगेल का?