कुस्ती ‘टिपली’ की कुस्तीचं ‘चित्रीकरण’ केलं?

प्रश्न: सावेदादांवर, म्हणजे भारतात अगदी सुरुवातीला फिल्म बनवणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांवर लेख लिहितेय. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती त्यांनी कॅमेऱ्यात... इथे अडलेय. चित्रण केलं, चित्रीकरण केलं, की टिपली?

– ‘चित्रीकरण’ नको, ताई. त्यात सेट, नट, दिग्दर्शक असं सगळं लटांबर येतं. ‘चित्रण’ तर कादंबरीतही असतं. समोर घडलं ते घेतलं, म्हणजे टिपलं. त्यांचा तो माकडं नाचवणारा मदारी, १९०१ मध्ये केंब्रिजची गणिताची परीक्षा गाजवून विलायतेहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागत, सगळं टिपलेलंच.

– ‘टिपणे’ हल्ली फार स्वस्त झालंय. पाखरू दाणा टिपतं, टीपकागद शाई टिपतो, चटकन, अलगद. त्या काळच्या यंत्राला अलगद काही जमत नसे. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचं सिनेमॅटोग्राफ, म्हणजे त्यांचा फिल्मचा कॅमेरा घ्या. फिल्म साधारण १७ मीटर, म्हणजे जेमतेम ५० सेकंद. तिवई रोवायची, चौकटीत काय येतंय ते आधीच पाहून ठेवायचं आणि मग सेकंदाला १६ चित्रांच्या बेताने हाताने दांडा फिरवत राहायचं. त्यांचे १८९५ मधले लियाँच्या कारखान्यातून सुटणारे कामगार आठवा. त्या फिल्मच्या तीन आवृत्त्या आहेत: एकीत एक घोडा, दुसरीत दोन, तिसरीत घोडाच नाही! दृश्य रोजचंच, पण कामगारांना पुन्हा पुन्हा फाटकाबाहेर काढलेलं. हे कसलं टिपणं?

– मग साधं ‘घेणे’ का नको? फोटो घेतला, शॉट घेतला, धंद्यातली माणसं असंच बोलतात. सावेदादा मुळात फोटो स्टुडिओवालेच. ‘कुस्तीची फिल्म घेतली आणि धुवायला विलायतेला पाठवली.’ सरळ उतरतं की नाही?

– उतरतं, पण जपून. कॅमेराही त्यांनी २१ गिनी मोजून विलायतेहूनच ‘घेतला’ होता. दोन्ही वाक्यं शेजारी आली तर वाचक फिल्मचीही किंमत विचारेल.

– फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करत उतरवली, तिथे मात्र ‘टिपली’ शोभतं. रोपाला पुन्हा उगव म्हणता येत नाही.

– आभार सगळ्यांचे. कुस्तीची फिल्म ‘घेतली’ लिहिते, कॅमेरा ‘मागवला’ करते. परांजप्यांच्या स्वागताला ‘टिपलं’च ठेवते, ते काही दुसऱ्यांदा होणार नव्हतं.