महिला उद्योजकांसाठी सरकारी खरेदीत राखीव वाटा : उपाय की नुसता आकडा?

धागाकर्ती :
अनेक देशांत सरकार, पालिका आणि सार्वजनिक कंपन्या मिळून जी खरेदी करतात, ती देशाच्या एकूण उत्पादनाच्या दहा टक्क्यांहून अधिक भरते. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या अंदाजानुसार, महिलांच्या मालकीच्या उद्योगांच्या वाट्याला त्यातला सुमारे १ टक्का येतो. राखीव वाटा हवाच, असे माझे मत आहे. परंतु निविदेच्या अटी तशाच ठेवून नुसता वाटा जाहीर करण्याला फारसा अर्थ नाही. मागील काही वर्षांची मोठी उलाढाल, त्याच स्वरूपाचे काम पूर्ण केल्याचा दाखला, अनामत रक्कम आणि वर बँक हमी, एवढे सगळे एकाच वेळी मागितले जाते. बँक हमीसाठी तारण लागते, आणि घर-जमीन बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या नावावर असते. त्यामुळे दर उघडण्यापूर्वीच बरीचशी गाळणी झालेली असते.

प्रतिसाद १ :
असहमत. खरेदी करदात्यांच्या पैशातून होते, तेव्हा योग्य दर्जाची वस्तू कमीत कमी दरात मिळवणे हेच खरेदी अधिकाऱ्याचे काम आहे. सामाजिक उद्दिष्टांसाठी अनुदान आणि स्वस्त कर्ज हे मार्ग आहेत, आणि त्यांचा खर्च अंदाजपत्रकात उघड दिसतो. खरेदीतील सवलतीचा खर्च मात्र दरात दडून राहतो. शिवाय लक्ष्य ठेवल्याने ते गाठले जाते असेही नाही. अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने संघीय कंत्राटांपैकी ५ टक्के महिलांच्या लघुउद्योगांना देण्याचे लक्ष्य ठेवले, आणि ते पहिल्यांदा गाठले गेले २०१५ च्या आर्थिक वर्षात!

धागाकर्ती :
हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. लक्ष्य १९९४ चे असले, तरी केवळ महिलांच्या उद्योगांपुरती स्पर्धा मर्यादित ठेवणारी योजना तिथे प्रत्यक्षात २०११ मध्ये सुरू झाली. तोवर अधिकाऱ्यांच्या हाती आकडा होता, साधन नव्हते. दराबाबत म्हणायचे, तर स्पर्धक वाढले की दर खाली येतात, हा नियम इथेच का लागू होऊ नये? एका मोठ्या कंत्राटाचे पाच भाग केले, तर आज जे निविदाच भरू शकत नाहीत तेही स्पर्धेत उतरतील.

प्रतिसाद २ :
मूळ कल्पनेला माझा विरोध नाही, पण कागदोपत्री मालकिणींचे काय? केनियाने २०१३ पासून ३० टक्के सरकारी खरेदी महिला, तरुण आणि अपंग व्यक्तींच्या उद्योगांसाठी मिळून राखून ठेवली आहे. अशी तरतूद झाली, की पत्नीच्या किंवा बहिणीच्या नावाने संस्था नोंदवून व्यवहार पतीने किंवा भावाने पाहण्याचा मोह कुठेही होणारच. अनेक देशांत प्रमाणपत्र देताना किमान ५१ टक्के मालकी तपासली जाते, पण भागभांडवल कागदावर दिसते आणि निर्णय कोण घेते ते दिसत नाही. धनादेशावर सही कोणाची, दर कोणी ठरवला, कामगार कोणाकडे दाद मागतात, हे तपासायला माणसे लागतात, आणि ती नेमण्याची तयारी क्वचितच दिसते.

प्रतिसाद ३ :
तुम्ही सगळे मालकीवरच अडकला आहात. साफसफाई, भोजनपुरवठा, गणवेश शिवणे या कंत्राटांत राबणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात, आणि सर्वांत कमी दराला काम देण्याच्या पद्धतीचा पहिला फटका त्यांच्याच मजुरीला बसतो. कंत्राटदार पुरुष आहे की स्त्री, याने त्यांच्या वेतनचिठ्ठीत आपोआप फरक पडत नाही. किमान वेतन गृहीत धरूनही ज्या दरात काम होऊ शकत नाही, ती निविदा बाद करावी. प्रत्यक्ष वेतन, प्रसूतिरजा आणि छळाच्या तक्रारींची व्यवस्था या कंत्राटाच्या अटी असाव्यात, आणि त्या पाळल्याचा पुरावा मिळेपर्यंत देयकाचा काही भाग रोखून धरावा.

प्रतिसाद १ :
प्रतिसाद ३ मधील वेतनाची अट मला मान्य आहे, कारण ती सर्वांना सारखी लागू होते. छोटी कंत्राटे, माफक अनामत आणि वेळेवर देयक यांचेही तसेच. मग एवढे सगळे केल्यावर वेगळा महिला वाटा कशासाठी?

धागाकर्ती :
कारण अटी सैल झाल्या, तरी निविदेची बातमी जुन्याच ओळखींतून फिरते आणि पहिल्या कामाचा दाखला पहिले काम मिळाल्याखेरीज मिळत नाही. तो पहिला दाखला मिळण्यापुरता वाटा मी मागते आहे. ठरावीक उलाढाल गाठलेल्या उद्योगाने त्यातून बाहेर पडावे, अशी अट घालायला माझी हरकत नाही. देयकाच्या मुदतीबाबत मात्र तडजोड नको. चार-सहा महिने पैसे अडकले, तर खेळते भांडवल नसलेली पुरवठादार दुसरी निविदा भरूच शकत नाही.