काल्पनिक प्रदेशाचा इतिहास खरा वाटावा यासाठी काय करावे? (सल्ला हवा)

कोरीपाटी
नमस्कार. मी एका काल्पनिक प्रदेशावर कादंबरी लिहीत आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस पठार आणि मध्ये डोंगररांग अशी त्याची रचना असून तेथे चारशे वर्षांत तीन राजघराणी होऊन गेली, असे मी ठरवले आहे. जादू किंवा राक्षस नाहीत, माणसेच आहेत. वंशावळी, लढाया, तह हे सारे वहीत मांडून झाले आहे, तरीही ज्यांना मसुदा वाचायला दिला त्यांचे म्हणणे असे पडले की हा इतिहास नसून सनावळी आहे. कोठून सुरुवात करावी, काय वाचावे आणि किती तपशील रचावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

घाटवाट
राजे तूर्त बाजूला ठेवा आणि तुमच्या डोंगररांगेतून माल कोणत्या वाटेने चढतो व त्यावर जकात कोण घेतो, एवढेच आधी ठरवा. आपल्याकडे कोकणातील बंदरांवरून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाणारा व्यापार नाणेघाटाने चढत असे. त्या घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, त्यात यज्ञांची आणि दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) यादी आहे. एवढी श्रीमंती राजधानीत न कोरता रानातल्या खिंडीत का कोरली, याचे उत्तर त्या वाटेवरून जाणाऱ्या तांड्यांत आहे. जवळच दगडी रांजण आहे, तो जकातीचा होता असे लोक सांगतात.

बंदरेही कायमची नसतात. सोपारा हे एके काळी एवढे महत्त्वाचे ठिकाण होते की तेथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि आज नालासोपारा म्हटले की लोकांना लोकलची गर्दी आठवते. तुमच्या तीन घराण्यांपैकी एखादे लढाईत न हरता केवळ बंदर गाळाने भरल्यामुळे संपले, तर चारशे वर्षांच्या कथेत ते अधिक पटेल.

मोडीवाचक
घाटवाट यांच्या मुद्द्यात भर घालतो. सनावळी निर्जीव वाटते याचे कारण बहुधा असे की ती कोणीच लिहिलेली नसते. तुमच्या वहीतली प्रत्येक घटना लेखकाला ठाऊक आहे, पण त्या प्रदेशातील कोणाला, कशामुळे आणि कोणत्या हेतूने ठाऊक आहे, हे तुम्ही ठरवलेले दिसत नाही. खऱ्या इतिहासात घटना आपल्यापर्यंत येते ती कोणाच्या तरी गरजेतून. पानिपतचा पराभव जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना कळला तो, प्रसिद्ध हकिकतीनुसार, एका सावकारी पत्रातून. त्यात मेलेल्या माणसांऐवजी गळालेली मोती, हरपलेल्या मोहरा आणि गणती न होणारा खुर्दा (सुटी नाणी) यांची भाषा होती. असे एक पत्र तुमच्या कथेत असेल, तर लढाईचे वर्णन करण्याची गरजही कदाचित उरणार नाही.

वाचायचे म्हणाल, तर आधी महजर, म्हणजे सभेने दिलेले निवाडपत्र, वाचा, बखरी नंतर. पाटीलकीचा किंवा कुलकर्णाचा तंटा गोतसभेपुढे (गावच्या व परिसरातील वतनदारांच्या सभेपुढे) येई, तेव्हा दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत, म्हणजे आपल्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वृत्तान्त. एक म्हणतो, दुष्काळात आमचे मूळपुरुष परागंदा झाले आणि यांच्या आजोबांनी वतन बळकावले. दुसरा म्हणतो, गाव उजाड पडले होते, आम्हीच कौल (सरकारी अभयपत्र) घेऊन वसवले. दोघांच्याही हकिकतीत तोच दुष्काळ, तेच परचक्र, पण प्रत्येकाला सोयीचे. साक्षीपुराव्याने निकाल लागला नाही तर उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे रवा दिव्य होई आणि हाताला इजा झाली की नाही यावर खरेखोटे ठरे. महजराच्या शेवटी जमलेल्यांच्या निशाण्या असत: कुणब्याचा नांगर, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा आरसा. तीनशे वर्षांपूर्वी कोण कोण त्या सभेला बसले होते, हे त्या ओळीत दिसते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून छापलेल्या साधनखंडांत आणि पेशवे दफ्तरातून निवडून प्रसिद्ध झालेल्या कागदांत अशी सामग्री भरपूर आहे, आणि मोडी येत नसेल तरी छापील बाळबोध (देवनागरी) पाठावर काम भागते.

तेव्हा माझी सूचना अशी की तुमच्या दुसऱ्या घराण्याचा अस्त दोन करीन्यांतून लिहून पाहावा. कोणता करीना खरा, हे स्वतःशी ठरवा, पण वाचकाला लगेच सांगू नका.

शंकेखोर
मोडीवाचक यांचा सल्ला उत्तम आहे, परंतु त्यात एक धोका आहे आणि तो मी काही हौशी हस्तलिखितांत पाहिला आहे. लेखक दफ्तरे वाचतो, त्यांच्या प्रेमात पडतो आणि मग छत्रपतींच्या जागी दुसरे नाव, रायगडाच्या जागी दुसरा गड आणि मोगलांच्या जागी उत्तरेचे कोणी साम्राज्य घालून तोच इतिहास पुन्हा लिहितो. मराठी वाचकाला हे दुसऱ्या पानावरच कळते आणि मग तो कादंबरी वाचायचे सोडून कोण कोणाच्या जागी आहे याचे कोडे सोडवत बसतो. उचलायची ती यंत्रणा उचला, घटना नको. शिवाय वहीतल्या मजकुराचा दहावा हिस्साही कादंबरीत येणार नाही, हे आधीच मान्य करून टाका.

कोरीपाटी
तिघांचेही मनःपूर्वक आभार. बंदर गाळाने भरण्याची कल्पना लगेच घेत आहे, कारण माझ्या तिसऱ्या घराण्याची राजधानी किनाऱ्यापासून दूर का, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आता एक शंका. तीन घराण्यांनी तीन कालगणना चालवल्या असे दाखवावे, की वाचकाच्या सोयीसाठी एकच ठेवावी?

मोडीवाचक
पात्रांना तिन्ही द्या, निवेदकाला एकच. मराठेशाहीच्या कागदांत शालिवाहन शक, शुहूर सन, फसली, हिजरी आणि १६७४ नंतर राज्याभिषेक शक असे सारे भेटतात, आणि ते वापरणाऱ्यांचा त्यात गोंधळ होत नसे, कारण प्रत्येकाचे काम वेगळे होते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ऋतूंच्या मानाने दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे पीक उभे असताना सारा मागण्याची वेळ येऊ शकते. शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत, परंतु वर्ष सुरू होई ते सूर्य मृग नक्षत्रात गेला की, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. राज्य कोणाचे आहे हे आकड्याच्या भाषेत आणि पोट कोणाचे भरायचे हे वर्षारंभात दिसते. तुमच्या नव्या घराण्याने स्वतःचा शक सुरू केला, तरी गावचा कुलकर्णी वसुलीच्या कागदावर जुनाच सन लिहीत राहील, आणि त्याला त्यात बंडखोरी वाटणार नाही.

घाटवाट
कागदांबरोबर वस्तूंचाही विचार व्हावा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागील घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यानंतर ही चर्चची घंटा देशावर आली असे सांगतात. लढाईचे स्मारक म्हणून कोणी ती बांधली नाही, ती देवळापाशी लागली आणि वाजत राहिली. तुमच्या पहिल्या घराण्याची अशी एखादी वस्तू तिसऱ्याच्या काळात भलत्याच कामाला लागलेली दाखवा आणि तिच्याविषयी पात्रांना चुकीची दंतकथा सांगू द्या.

शंकेखोर
आणि ती चूक दुरुस्त करणारे विद्वान पात्र कृपया आणू नका.

कोरीपाटी
तसे पात्र तिसऱ्या प्रकरणात आहे. त्याला काढून तेथे दोन करीने घालतो आणि मसुदा तयार झाला की याच धाग्यावर देतो. रवा दिव्याचा निकाल कोणाच्या बाजूने लावावा, हे मात्र अजून ठरत नाही.