पुनर्जन्माची कल्पना मूळची वैदिक आहे का?

पूर्ववाट:
कर्म आणि पुनर्जन्म ही वेदांचीच देणगी, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मला ते पटत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली अंत्यसंस्काराची सूक्तं (१४ ते १८) वाचा. मेलेला माणूस पितरांकडे जातो, यमाने आधी शोधलेल्या वाटेने. इथे परत येऊन केल्या कर्माची फळं भोगायची, हे त्यांत कुठेच नाही. वैदिक माणूस शंभर शरद मागतो, गायी मागतो, वीर पुत्र मागतो. जन्ममरणातून सुटका मागत नाही.

छांदोग्य उपनिषदात (५.३) मात्र प्रवाहण जैवलि राजा उद्दालक आरुणीला सांगतो, की ही विद्या तुझ्याआधी ब्राह्मणांकडे गेलेली नाही. ग्रंथच हे म्हणतोय! तिकडे मगधाच्या बाजूला बौद्ध, जैन, आजीवक सगळेच पुनर्जन्म गृहीत धरून बोलतात. कल्पना त्या श्रमणांच्या, म्हणजे घरदार सोडून फिरणाऱ्या वेदबाह्य साधकांच्या मुलखातली, वैदिकांनी नंतर घेतली.

गृह्याग्नी:
ठाम असहमत. प्रवाहण कुठला राजा? पांचालांचा. कुरू-पांचाल म्हणजे यज्ञसंस्थेचं घरच, मगध नव्हे. आणि त्याची विद्या कशी आहे पाहा: पाच अग्नी, पाच आहुती. श्रद्धेतून सोम, सोमातून पाऊस, पावसातून अन्न, अन्नातून रेत, त्यातून गर्भ. हे यज्ञात मुरलेल्या माणसालाच सुचणार. शतपथ ब्राह्मण या उपनिषदांआधीच्या यज्ञग्रंथात पुनर्मृत्यूची भीती आधीच आहे, म्हणजे परलोकात गेल्यावरही पुन्हा मरण. तिथे मेला तर पुढे कुठे, हा प्रश्न घरातच उभा राहिला होता. उत्तर उसनं कशाला आणतील?

पूर्ववाट:
पुनर्मृत्यूचा मुद्दा वजनदार आहे. पण त्यावरचा उपाय बघा: अमुक यज्ञ करा, अमुक जाणून घ्या. माणूस कसा वागला याचा हिशोब त्यात नाही. तो येतो बृहदारण्यक उपनिषदात (३.२), मगधाशेजारच्या विदेहाच्या जनक राजाकडे. तिथेही याज्ञवल्क्य प्रश्न विचारणाऱ्या आर्तभागाला म्हणतो, हात दे, हे चारचौघांत बोलायचं नाही. पुण्यकर्माने पुण्यवान, पापकर्माने पापी, ही गोष्ट वैदिक मंडळीत रुळलेली असती तर बाजूला जाऊन कशाला बोलले असते?

वाचक_सातारा:
पितृपक्षात आपण बाप, आजा, पणजा यांना पिंड देतो, ते पितृलोकात आहेत असं धरून. त्याच घरात 'मागच्या जन्मीचं पाप' असंही म्हणतो. दोन वेगळ्या समजुती शेजारी शेजारी नांदतायत, म्हणून मला पूर्ववाट यांचं जास्त पटतं. पण तुम्ही दोघांनी छांदोग्य ५.१० सोडूनच दिलंत. वाईट वागणाऱ्याला कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची योनी मिळते, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. माणसाचा जन्म जनावरांच्या रांगेत बसवलाय. बुद्धाने तर जन्मावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणं नाकारलं. मग हा भाग कुणाकडून आला?

गृह्याग्नी:
तो वर्णव्यवस्थेतून आला, आणि ती वैदिकांचीच. पुनर्जन्म आमचा म्हणताना तेवढंच वाक्य मी मगधावर ढकलणार नाही.