ॲक्टिव्हाला साइड व्हील लावली, पण मधलं चाकच अधांतरी फिरतंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबांचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू आहे, इतकी वर्षं रिक्षानेच फिरले, म्हणून गेल्या महिन्यात घरच्या जुन्या ॲक्टिव्हाला मागच्या चाकाच्या दोन्हीकडून साइड व्हीलचं किट लावून घेतलं. फिटरने दोन तासात क्लॅम्प आवळले आणि "चालवा काका, होईल सवय" म्हणून मोकळा झाला.

आता आमच्या गेटसमोर पेव्हर ब्लॉक मधोमध खचलेत, तिथे साइड व्हील दोन्ही कडांवर टेकतात आणि मधलं चाक नुसतं गरगर फिरतं, बाबा ॲक्सिलरेटर पिळतायत, गाडी जागच्या जागी, मागे रिक्षावाला हॉर्न मारतोय. मागचा ब्रेकही त्याच चाकाला, म्हणजे पावसात काय होईल विचारायलाच नको. शिवाय रस्त्याच्या कडेला उतार असला की गाडी डावीकडे ओढते.

काल बाबांना सीटवर बसवून मधल्या टायरखाली वर्तमानपत्राचा कागद सरकवला, सहज बाहेर आला!! चाकांची उंची गाडी रिकामी असताना सेट करायची की माणूस बसवून?

(बाबांना वळणाचा त्रास नाही कारण दुचाकी कधी चालवलीच नाही. मीच घाबरतो, सवयीने आत कलायला जातो आणि गाडी ढिम्म, उलट बाहेर फेकल्यासारखं वाटतं.)

उत्तर: दादा, माणूस बसवूनच. वजन मधल्या चाकावर हवं, साइड व्हील फक्त तोल धरायला. आधी मागच्या तिन्ही टायरची हवा बघ, मग क्लॅम्प ढिले करून दोन्ही चाकं थोडी थोडी वर घे, जास्त घेतलीस तर गाडी डुगडुगेल. आणि दोरी लावून चाकं मधल्या चाकाला समांतर आहेत का ते बघ, तिरकी असली तर ओढणार आणि टायर एका बाजूने खाणार. आरटीओची परवानगी घेतलीय ना? दिव्यांगांसाठी गाडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये सोय आहे, पण आरसीवर नोंद हवी, नाहीतर क्लेमच्या वेळी विमावाले हात वर करतील.

धागाकर्ता: धन्यवाद दादा. डावं चाक मधल्या चाकापासून पुढून ३१ सेंमी आणि मागून साडेएकोणतीस भरलं, म्हणजे तिरकंच होतं! सरळ केलं, दोन्ही चाकं वर घेतली. आता कागद ओढला की फाटतो. आरसीचं राहिलंय, सोमवारी जातो.