'अमूर्त', 'घाट' आणि 'पार्श्वभूमी'

वेंगुर्ल्याहून: दिवाळीत राजापूरला मावशीकडे गेलो होतो. तिथे एका हॉलमध्ये चित्रं लावली होती, त्यातल्या एकापाशी वाद जुंपला. अख्खा कॅनव्हास जांभ्याच्या रंगाचा, खरखरीत, रंग सुरीने ओढलेला. मधून किंचित तिरक्या रांगेत सात काळी वर्तुळं. बाजूच्या चिठ्ठीवर एवढंच: 'अमूर्त – ३'. एक बाई म्हणाल्या, "ही बारसूच्या सड्यावरची बोअरची भोकं." (बारसू म्हणजे राजापूरजवळचं गाव; रिफायनरीसाठी तिथे बोअर मारून माती तपासली होती.) चित्रकलेचे एक मास्तर तिथेच होते. ते म्हणाले, "बाई, चित्रात भोकं नसतात, वर्तुळं असतात. घाट बघा." कोण बरोबर ते राहू दे. माझी अडचण शब्दाची आहे. बोट लावलं तर हाताला लागेल इतका रंग थापलाय, आणि म्हणे अमूर्त!

रत्नागिरीहून: अडचण खरी आहे. 'मूर्त' हा संस्कृत 'मूर्छ्' धातूपासून आलेला शब्द. मूळ अर्थ घट्ट होणं, थिजणं, 'मूर्च्छा'सुद्धा त्यातलीच. म्हणजे अमूर्त ते न थिजलेलं. तैलरंगाला हे लावणं म्हणजे कमालच. इंग्रजी 'ॲब्स्ट्रॅक्ट'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'ओढून वेगळं काढणं' आहे, रातांबा फोडून सोलं बाजूला काढावीत तसं. तिथे निदान रातांबा होता हे कबूल असतं. आपण 'अमूर्त' म्हटलं की थेट निर्गुणात शिरतो. मग शांतता, ध्यान, अनंत वगैरे. ना कोणी रंगाचा थर बघत, ना चित्राचा काळ विचारत. चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना 'ॲब्स्ट्रॅक्ट' म्हणत नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्र नसलेलं. त्यांना झेनची ओढ होती, पण हातात रोलर आणि सुरीच होती. मराठीत त्यासाठी 'अप्रतिरूप' हा शब्द आहे. जड आहे, पण खोटा नाही.

अलिबागहून: 'फॉर्म'साठी मास्तरांनी काढलेला 'घाट' मला आवडला. भांड्याचा घाट, दागिन्याचा घाट. हाताला कळणारा शब्द. (आमच्याकडे घाट म्हणजे वर चढायचा तो, हे वेगळं.) त्याऐवजी 'आकृतिबंध' म्हणाल तर सरकारी खात्यातली मंजूर पदं आठवतात. आपल्याकडे कवी-समीक्षक मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशा लयींवर सौंदर्य तोललं, त्यामुळे चित्राबाहेरचं काही काढलं की समीक्षक अजून दचकतात. पण 'फक्त घाट बघा' हेही कुठल्या तरी काळातच बोललं जातं. रशियन चित्रकार मालेविचने १९१५ साली काळ्या चौकोनाचं चित्र टांगलं ते खोलीच्या कोपऱ्यात वर, रशियन घरात जिथे देवाची तसबीर असते तिथे. नुसता चौकोन बघणाऱ्याला ती जागा दिसणारच नाही. पुढे स्टालिनच्या राजवटीत 'रूपवादी', म्हणजे फक्त घाट बघणारा, ही शिवी झाली, आणि ती लागली की चित्रकाराचं काम बंद पडायची भीती. म्हणजे राजकारण नको म्हणणाऱ्यांचा शब्दच राजकारणात मळलेला.

वेंगुर्ल्याहून: थोडी भर. मावशीने चौकशी केली. कॅनव्हासच्या मागे साल घातलंय २०१४. बारसूला मातीपरीक्षणावरून आंदोलन पेटलं ते २०२३च्या एप्रिलमध्ये. तेव्हा बाई चुकल्या म्हणायचं का?

रत्नागिरीहून: चित्रकाराच्या मनात ती भोकं होती असं त्या म्हणत असतील, तर चुकल्या. पण 'संदर्भ' म्हणताना आपण दोन गोष्टी एकात घालतो: चित्र झालं तेव्हाचा आणि पाहिलं तेव्हाचा. दुसरा बाईंचा स्वतःचा आहे, आणि तो मास्तरांनी पुसून जाणार नाही. मात्र तिरकी रांग, सातच वर्तुळं, हे आधी नीट पाहिलं नाही तर बोअरच कशाला, कातळशिल्पंही म्हणता येतील; तीही त्याच सड्यावर आहेत.

राजापूरहून: मी त्या हॉलमध्ये होते. एक वर्तुळ बाकीच्यांपेक्षा लहान आहे, सहावं. त्याच्या कडेला रंग ओघळून खाली सुकलाय. ते कोणी बोललंच नाही.

अलिबागहून: आणि 'पार्श्वभूमी'? वर्तमानपत्रात रोज 'आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर' छापतात. शब्द मूळचा नाटका-चित्रांतला: मागचा पडदा, मागची जमीन. पण या चित्रात मागे-पुढे काही नाहीच, लाल आणि काळं एकाच पातळीवर. मग जांभा पार्श्वभूमी की विषय? मास्तरांना विचारा कोणीतरी.